वाचकांचे प्रश्न : जिवाणूंमधील ऑक्सिडेज विकरे

या वेळी एकाच विषयावरची पत्रे निवडली आहेत. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने दुसऱ्या रेणूंचे ऑक्सिडीकरण घडवून आणणारी विकरे, म्हणजे ऑक्सिडेज एन्झाइमे, जिवाणूंमध्ये कशी शोधावीत आणि सापडल्यावर त्यांची पारख कशी करावी, याविषयी विद्यार्थ्यांकडून आणि उद्योगातल्या वाचकांकडून सातत्याने विचारणा होत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी आम्ही शेतातल्या मातीतून जिवाणू वेगळे केले. त्यांपैकी काहींची ऑक्सिडेज चाचणी पॉझिटिव्ह आली. या जिवाणूंपासून उद्योगात वापरता येईल असे ऑक्सिडेज विकर मिळू शकेल, असे प्रकल्प अहवालात लिहिले तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : असे लिहू नये, कारण या चाचणीवरून त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ऑक्सिडेज चाचणीत आपण टेट्रामिथिल-पॅरा-फेनिलिनडायअमिन हा रंगहीन अभिकर्मक वसाहतीला लावतो आणि साधारण दहा सेकंदांत गडद जांभळा रंग आला तर निकाल पॉझिटिव्ह धरतो. त्या जिवाणूच्या श्वसनसाखळीत सायटोक्रोम सी आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्यूडोमोनास एरुजिनोसा ही चाचणी उत्तीर्ण होतो, इ. कोलाय होत नाही, आणि म्हणूनच जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत ती रोज वापरली जाते. तथापि इ. कोलायची चाचणी निगेटिव्ह येते म्हणून त्याच्याकडे ऑक्सिडेज नाहीत असे नाही. त्याच्या श्वसनसाखळीच्या शेवटी वेगळ्या जातीची ऑक्सिडेज असतात, आणि तांब्याच्या विषारीपणापासून पेशीचे रक्षण करणारे क्यूईओ नावाचे तांबेयुक्त ऑक्सिडेजही त्याच्यात आहे.

उद्योगाला हवी असलेली ऑक्सिडेज बहुतांशी पाण्यात विरघळणारी असतात आणि एखाद्या ठरावीक रेणूवर, म्हणजे साखरेवर, अल्कोहोलवर, अमिनवर किंवा फिनॉलवर काम करतात. ती त्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि थेट ऑक्सिजनला देतात. त्यातून फ्लेविन (रायबोफ्लेविन जीवनसत्त्वापासून बनणारा पिवळा सहघटक) असलेल्या विकरांच्या बाबतीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लॅकेजसारख्या तांब्याच्या विकरांच्या बाबतीत पाणी तयार होते. डिहायड्रोजनेज विकरांना लागणारा एनएडीसारखा महागडा सहघटक पुन्हा पुन्हा पुरवावा लागत नाही, हवा पुरते, हे त्यांचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. अशा विकराचा शोध घ्यायचा तर ज्या रेणूवर काम करून हवे आहे तो रेणू चाचणीत असायलाच हवा.

एक सूचना जाता जाता. ऑक्सिडेज चाचणीसाठी नायक्रोमची लूप वापरली असेल, तर ती पुन्हा लाकडी काडीने किंवा प्लॅटिनमच्या लूपने करून पाहा. नायक्रोममुळे खोटा जांभळा रंग येऊ शकतो.

प्रश्न : माझी कोलेस्टेरॉलची तपासणी नियमित होते. या तपासणीत जिवाणूंचे विकर वापरतात असे ऐकले. हे खरे आहे का, आणि जिवाणूला कोलेस्टेरॉलशी काय देणेघेणे? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : खरे आहे. पूर्वी कोलेस्टेरॉल मोजायला ॲसिटिक ॲनहायड्राइड आणि संहत सल्फ्युरिक आम्ल वापरत. ते धोक्याचे होते आणि रक्तातल्या इतर घटकांमुळे आकडा बिघडत असे. 1973 मध्ये नोकार्डिया या जिवाणूपासून मिळवलेले कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज यासाठी वापरता येते हे प्रसिद्ध झाले आणि 1974 मध्ये ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व विकरे एकाच द्रावणात असलेली पद्धत मांडली. आजच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांतल्या तपासण्या प्रामुख्याने त्याच तत्त्वावर चालतात. रक्तद्रवातले कोलेस्टेरॉल बहुतेक एस्टरच्या रूपात असते. एस्टरेज विकर ते मोकळे करते, कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज त्याचे ऑक्सिडीकरण करते, त्यात तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड पेरॉक्सिडेज विकर वापरून घेते आणि फिनॉल व अमिनोअँटिपायरिन यांच्यापासून गुलाबी-लाल रंग तयार करते. या रंगाची तीव्रता 500 नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. क्रिएटिनिनच्या विकराधारित तपासणीतही शेवटच्या टप्प्यावर सार्कोसिन ऑक्सिडेज असेच पेरॉक्साइड तयार करते. ग्लुकोज ऑक्सिडेज मात्र बुरशीचे, ॲस्परजिलस नायजरचे.

मातीतल्या ऱ्होडोकॉकस, स्ट्रेप्टोमायसिस यांसारख्या जिवाणूंना प्राण्यांच्या अवशेषांतून स्टेरॉल मिळतात आणि त्यांपैकी अनेक जण कोलेस्टेरॉल हे कार्बनचा स्रोत म्हणून खातात. त्याचे विघटन करताना सुरुवातीचा एक टप्पा हे विकर पार पाडते.

प्रश्न : नव्या ऑक्सिडेजचा शोध आज नेमका कुठून सुरू होतो? माती आणायची, प्लेटवर पसरवायची आणि वसाहती तपासायच्या ही पद्धत आता कालबाह्य झाली आहे का? (संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आज बहुतेक शोध संगणकावर सुरू होतात. याचे एक चांगले उदाहरण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले आहे. पेनिसिलियम सिम्प्लिसिसिमम या बुरशीतले व्हॅनिलिल अल्कोहोल ऑक्सिडेज हे विकर तिथल्या संशोधकांना चांगले परिचित होते, पण त्याचा कोणी जिवाणूजन्य नातेवाईक हाती नव्हता. ऱ्होडोकॉकस जोस्टी आरएचए1 हा जिवाणू जपानमध्ये लिंडेन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या मातीतून वेगळा केलेला. त्याचा सुमारे 97 लाख बेसजोड्यांचा जीनोम 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुरशीच्या विकराशी सुमारे 45 टक्के साम्य असलेल्या प्रथिनाचे जनुक आढळले. ते इ. कोलायमध्ये घालून प्रथिन तयार केले, तेव्हा फ्लेविन सहसंयुज बंधाने जोडलेले, पिवळे, क्रियाशील विकर भरपूर प्रमाणात मिळाले. ते लवंगाच्या तेलातल्या युजेनॉलपासून कोनिफेरिल अल्कोहोल तयार करते आणि व्हॅनिलिल अल्कोहोलपासून व्हॅनिलिन, म्हणून त्याला युजेनॉल ऑक्सिडेज म्हणतात. बुरशीचे मूळ विकर आठ उपघटकांचे, तर हे दोनच उपघटकांचे.

त्याच गटाने 2014 मध्ये मिथिलोव्होरस एमपी688 या जिवाणूतून एचएमएफ ऑक्सिडेज शोधले. एचएमएफ, म्हणजे हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल, हा फ्रुक्टोजसारख्या साखरेतून पाणी काढून टाकल्यावर मिळणारा रेणू. त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण केले की फ्युरान डायकार्बॉक्सिलिक आम्ल मिळते आणि त्यापासून पीईएफ नावाचे, पेट बाटल्यांच्या प्लॅस्टिकला पर्याय ठरू शकेल असे प्लॅस्टिक तयार करता येते. इथे पारख किती बारकाईने करावी लागते याचा धडा आहे. या मार्गावर एका अल्कोहोलचे आणि दोन अल्डिहाइडांचे ऑक्सिडीकरण करावे लागते, आणि विकर खरे पाहता अल्कोहोलवरच काम करते. अल्डिहाइडाला पाणी जोडले जाऊन त्याचे जे डायऑल रूप तयार होते, तेच विकराला चालते. मार्गातल्या शेवटच्या मधल्या रेणूच्या बाबतीत ही क्रिया फार मंद होते आणि तिथे काम अडते. विकराची त्रिमिती रचना उकलल्यावर त्यातल्या दोन अमिनो आम्लांत बदल करून हा शेवटचा टप्पा कितीतरी पटींनी वेगवान करता आला. विकर कुठे अडते हे मोजून ठरवले नसते, तर कोणते अमिनो आम्ल बदलायचे हे ठरवायला आधारच नव्हता.

आता मातीविषयी. माझे मत असे की जुनी पद्धत कालबाह्य झालेली नाही आणि आपल्या विद्यापीठांनी ती सोडू नये. जीनोमच्या शोधात आपल्याला माहीत असलेल्या विकरांचे नातेवाईकच सापडतात. ज्याच्यासारखे काहीही आधी पाहिलेले नाही, असे विकर साम्य शोधणाऱ्या आज्ञावलीला दिसणार नाही. प्लेटवर मात्र क्रिया दिसते, मग ती कोणत्याही प्रथिनाची असो.

प्लेट तयार करताना आगरमध्ये हवा तो सबस्ट्रेट (विकर ज्यावर काम करते तो रेणू), पेरॉक्सिडेज विकर आणि पेरॉक्साइडमुळे रंगणारा अभिकर्मक घालतात. ऑक्सिडेज असलेल्या वसाहतीभोवती रंगीत वलय दिसते. लॅकेजसाठी पेरॉक्सिडेज लागत नाही. त्याऐवजी थोडे कॉपर सल्फेट आणि ग्वायाकॉल घालतात, त्याचा रंग तांबूस-तपकिरी होतो, किंवा एबीटीएस हा कृत्रिम अभिकर्मक घालतात, त्याचा हिरवा होतो. या वलयांवर लगेच भरवसा ठेवू नये. जवळजवळ सर्व मृदाजिवाणूंकडे कॅटालेज असते आणि ते पेरॉक्साइड तयार होताक्षणी संपवते, त्यामुळे चांगली ऑक्सिडेज असलेली वसाहतही रंगहीन राहू शकते. वसाहतींचे ठसे फिल्टर कागदावर घेऊन पेशी फोडून पाहिल्या तर अशा काही सापडतात. उलट, मँगनीजचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू मँगनीज डायऑक्साइडचे तपकिरी कण तयार करतात आणि हे निर्जीव कणच एबीटीएसला हिरवे करतात. उकळलेल्या पेशींचा अर्क रंग देत असेल तर आधी हा संशय घ्यावा.

बॅसिलसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅसिलस सबटिलिसमधले कॉटए हे लॅकेज त्याच्या बीजाणूच्या कवचात असते. भरभर वाढणाऱ्या, कोवळ्या कल्चरमध्ये ते शोधले तर काहीच मिळत नाही. बीजाणू तयार होईपर्यंत थांबावे लागते. जुन्या वसाहतींना येणारी तपकिरी छटा या विकरामुळे असते. दुसऱ्या दिवशी प्लेट फेकून देणाऱ्यांच्या हाती हे विकर कधीच लागणार नाही.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.च्या कामात एका जिवाणूचे ऑक्सिडेज शुद्ध केले आहे. अनुकूल पीएच, अनुकूल तापमान आणि केएम (निम्म्या कमाल वेगासाठी लागणारे सबस्ट्रेटचे प्रमाण) एवढे मोजले की प्रबंधाला पुरे, असे सांगितले जाते. विकराची पारख खरोखर एवढ्यावर पूर्ण होते का? (संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : होत नाही. हे तीन आकडे कोणत्या परिस्थितीत मोजले हे स्पष्ट नसेल, तर दुसऱ्या प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग होत नाही. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत शोधाचा भाग मेहनतीने केलेला असतो आणि पारखीचा भाग शेवटच्या काही महिन्यांत उरकलेला असतो.

सुरुवात नळीकडे नीट बघण्यापासून करावी. फ्लेविन असलेले विकर शुद्ध झाले की द्रावण लिंबासारखे पिवळे दिसते, आणि वर्णपटात 375 व 450 नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरे येतात. 280 नॅनोमीटरच्या शिखराशी 450 च्या शिखराचे गुणोत्तर काढले, की सर्व प्रथिनांत फ्लेविन बसले आहे की निम्मी रिकामीच आहेत याचा अंदाज येतो. रिकाम्या प्रथिनांसह मोजलेला वेग हा विकराचा खरा वेग नव्हे. फ्लेविन सहसंयुज बंधाने जोडलेले आहे का हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घालून प्रथिन साक्यात उतरवा आणि सेंट्रिफ्यूज करा. पिवळा रंग वरच्या द्रवात आला तर फ्लेविन सुटे, साक्यातच राहिला तर जोडलेले. एसडीएस जेल रंगवण्यापूर्वी सौम्य ॲसिटिक आम्लात बुडवून अतिनील दिव्याखाली धरली, तर जोडलेल्या फ्लेविनचा पट्टा चमकतो. लॅकेज असेल तर द्रावण निळे दिसायला हवे, 600 नॅनोमीटरच्या आसपास शिखर आणि 330 च्या आसपास खांदा असायला हवा.

तांब्याच्या विकरांबाबत तर पेशी कशा वाढवल्या हेसुद्धा पारखीचाच भाग आहे. कॉटएचे उदाहरण बोलके आहे. पोर्तुगालमधल्या ओएरासच्या आयटीक्यूबी संस्थेतल्या संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, 80 अंश सेल्सिअसला बीजाणूच्या कवचातच असलेल्या कॉटएची क्रिया निम्मी होण्याचा कालावधी सुमारे 4 तास होता, तर त्याच जनुकापासून इ. कोलायमध्ये तयार करून शुद्ध केलेल्या कॉटएचा सुमारे 2 तास. पुढे याच संस्थेच्या कामातून दिसले की इ. कोलायला नेहमीसारखी भरपूर हवा देत वाढवले तर विकरात तांब्याचे चारही अणू भरत नाहीत. माध्यमात तांबे घालून, जनुक चालू केल्यानंतर शेकर थांबवून हवा कमी केली की ते पूर्ण भरतात आणि क्रियाशीलता वाढते. म्हणून आपल्या प्रबंधात एका मिलिग्रॅम प्रथिनाची क्रिया लिहिताना प्रत्येक रेणूमागे तांब्याचे किती अणू होते हेही लिहा. लॅकेजच्या बफरमध्ये ईडीटीए घालू नका, ते तांबे ओढून घेते.

आता अनुकूल पीएच. हा आकडा विकराचा म्हणून लिहिला जातो, पण प्रत्यक्षात तो विकर आणि सबस्ट्रेट या जोडीचा असतो. एकाच लॅकेजवर एबीटीएस वापरले तर अनुकूल पीएच आम्लधर्मी बाजूला येतो आणि सिरिंगाल्डाझिन हे फिनॉल वापरले तर उदासीनाकडे सरकतो, कारण फिनॉलवरचा प्रोटॉन पीएचप्रमाणे सुटतो आणि एबीटीएसवर तसे काही घडत नाही. फक्त एबीटीएसवर मोजून हे विकर आम्लातच चालते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

अनुकूल तापमानाचा तर मला सर्वांत जास्त त्रास होतो. पाच-दहा मिनिटांच्या मोजणीत विकर 60 अंशांना सर्वाधिक वेगाने चालले, म्हणजे ते उष्णतेला टिकते असे होत नाही. अर्ध्या तासात ते मरतही असेल. उद्योगाला अर्धायुष्य हवे असते : अमुक तापमानाला, अमुक बफरमध्ये, किती वेळात क्रिया निम्मी होते. सबस्ट्रेट नसताना आणि असताना दोन्ही वेळा हे मोजा, कारण काम करत असताना विकराने स्वतःच तयार केलेले पेरॉक्साइड त्याला इजा करते. कॅटालेज घातल्यावर विकर जास्त टिकत असेल, तर कारण कळले. फ्लेविन विकरांसाठी आणखी एक सोपी युक्ती आहे. प्रथिन उलगडले की आत दडलेले फ्लेविन उघडे पडते आणि अधिक चमकू लागते, त्यामुळे तापमान बदलत चमक मोजणाऱ्या क्यूपीसीआरच्या यंत्रात तापमान हळूहळू वाढवत नेले तर वेगळा रंग न घालताही उलगडण्याचे तापमान मिळते.

केएमविषयी. ऑक्सिडेजला दोन सबस्ट्रेट असतात आणि त्यांपैकी दुसरा, ऑक्सिजन, आपण मोजत नाही म्हणून विसरतो. 25 अंशांना हवेशी संतुलित पाण्यात ऑक्सिजन जेमतेम 0.25 मिलिमोलर असतो. पुष्कळ ऑक्सिडेजचा ऑक्सिजनसाठीचा केएम याच्या आसपास किंवा याहून जास्त असतो, म्हणजे उघड्या क्युव्हेटमध्ये आपले विकर पूर्ण वेगाने धावतच नाही. आपण काढलेला केएम आणि कमाल वेग हे हवेतल्या ऑक्सिजनपुरते आहेत असे स्पष्ट लिहावे, आणि शक्य असेल तर ऑक्सिजन इलेक्ट्रोड वापरून ऑक्सिजनचे प्रमाण बदलत मोजणी करावी. मोठ्या टाकीत शेवटी ऑक्सिजनच अपुरा पडतो, त्यामुळे ही माहिती कारखान्याला सबस्ट्रेटच्या केएमपेक्षा अधिक मोलाची वाटते.

पेरॉक्सिडेजच्या जोडीने मोजत असाल, तर दोन तपासण्या चुकवू नका. पेरॉक्सिडेजचे प्रमाण दुप्पट केल्यावर वेग बदलता कामा नये, आणि ऑक्सिडेजचे प्रमाण निम्मे केल्यावर वेग निम्मा व्हायला हवा. पहिली तपासणी फसली तर आपण आपले विकर नव्हे तर पेरॉक्सिडेज मोजत आहात. दुसरी फसली, तर नमुन्यात कॅटालेजची भेसळ आहे का ते पाहावे; पेशींचा कच्चा अर्क वापरला असेल तर ती असणारच.

आणि शेवटी, ते खरोखर ऑक्सिडेजच आहे का? काही फ्लेविन विकरे ऑक्सिजनला नाखुशीने इलेक्ट्रॉन देतात आणि फेरिसायनाइड किंवा डीसीआयपीसारखा कृत्रिम ग्राहक मिळाला की कितीतरी वेगाने काम करतात. ती मूळची डिहायड्रोजनेज. दोन्ही वेग शेजारी शेजारी मांडावेत.

प्रश्न : इचलकरंजीत आमचा कापड रंगाईचा छोटा कारखाना आहे. सांडपाण्याचा रंग घालवण्यासाठी जिवाणूंचे लॅकेज बुरशीच्या लॅकेजपेक्षा चांगले, असे एका विक्रेत्याने सांगितले आणि बाटलीत रंग उतरलेला दाखवला. घ्यावे का?

उत्तर : विक्रेत्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण बाटलीवर निर्णय घेऊ नका. रिॲक्टिव्ह रंगांसाठी मीठ आणि सोडा ॲश वापरतात, त्यामुळे सांडपाणी गरम, खारट आणि अल्कधर्मी असते. बुरशीची बहुतेक लॅकेजे आम्लधर्मी पाण्यात उत्तम चालतात आणि क्लोराइडमुळे मंदावतात. जिवाणूंची अनेक लॅकेजे उदासीन ते अल्कधर्मी पाण्यात काम करतात, उष्णता चांगली सोसतात आणि काही मीठही सोसतात. दुसऱ्या बाजूला त्यांची ऑक्सिडीकरणाची ताकद कमी असते. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीच्या लॅकेजचे रेडॉक्स विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन खेचण्याच्या ताकदीचे माप, पाऊण व्होल्टहून थोडे अधिक, तर कॉटएचे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आहे. त्यामुळे पुष्कळ रंगांवर जिवाणूंचे लॅकेज एकट्याने काम करत नाही. विकर आणि रंग यांच्यात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा ॲसिटोसिरिंगोनसारखा मध्यस्थ घालावा लागतो आणि त्याचा खर्च व पाण्यात राहणारा अंश हा वेगळा हिशेब आहे.

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. चाचणी आपल्याच कारखान्याच्या सांडपाण्यावर, पीएच आणि मीठ न बदलता करून दाखवा. विकर न घालता, आणि उकळून निकामी केलेले विकर घालून, अशा दोन बाटल्या शेजारी ठेवा. विकराऐवजी जिवाणूंच्या पेशी वापरल्या असतील तर तळाचा गाळ दाखवा. गाळच रंगीत असेल तर रंगाचे विघटन झालेले नाही, तो पेशींना चिकटला आहे आणि गाळासोबत दुसरीकडे जाणार आहे. शेवटचे, रंग गेल्यावरचा सीओडी (पाण्यातल्या द्रव्यांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन) आणि विषारीपणाची चाचणी कागदावर द्या. ॲझो रंगाचा रेणू तुटला की पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात उरलेले ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखी वलये असलेले, तुकडे मूळ रंगापेक्षा निरुपद्रवी असतीलच असे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याच्या रंगाबरोबर सीओडीही पाहते. आजच्या घडीला तरी आपली चालू प्रक्रिया बंद करून केवळ विकरावर विसंबण्याचा सल्ला मी देणार नाही. एका टाकीवर, एका हंगामासाठी, मोजणी ठेवून करून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : लोणार सरोवरातले जिवाणू अल्कधर्मी पाण्यातले असल्यामुळे त्यांच्यात अशी विकरे सापडतील असे वाटते. नमुने आणायला परवानगी लागते का, आणि जिवाणू सापडल्यास तो कुठे ठेवावा? (प्राध्यापक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : आपला अंदाज योग्य दिशेचा आहे. लोणारच्या पाण्याचा पीएच 10 च्या आसपास असतो आणि तिथले जिवाणू त्या पाण्याशी जुळवून घेतलेले आहेत. एक सावधगिरी बाळगावी : अल्कप्रेमी जिवाणूसुद्धा पेशीच्या आतले पीएच बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी राखतात, म्हणून अल्कधर्मी पाण्यात चालणारे विकर हवे असेल तर पेशीच्या बाहेर स्रवणारी किंवा कवचात असणारी विकरे आधी शोधावीत.

सरोवर अभयारण्यात येते आणि 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे पाणी किंवा गाळ उचलण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. परदेशी सहकाऱ्यांना कल्चर पाठवायचे असेल किंवा पुढे पेटंट घ्यायचे असेल, तर 2002 च्या जैवविविधता कायद्यातल्या तरतुदी लागू होतात आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतो. ही कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वी करून घ्यावीत. नमुना आणल्यानंतर मागाहून परवानगी मागणे अवघड जाते.

जिवाणू ठेवण्यासाठी पुण्यातच दोन चांगल्या संस्था आहेत : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. पुण्याचे हे केंद्र आणि चंदीगडचे एमटीसीसी हे सूक्ष्मजीवांचे संग्रहालय यांना बुडापेस्ट करारानुसार आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, त्यामुळे पेटंटसाठी ठेव करायची असल्यास त्यांच्याकडे जावे. जिवाणू पाठवताना तो कोणत्या ठिकाणच्या, कोणत्या खोलीवरच्या, किती पीएचच्या पाण्यातून आणि कोणत्या तारखेला घेतला ही नोंद सोबत द्यावी, आणि प्रयोगशाळेत ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांना किमान दोन वेगळ्या फ्रीझरांत त्याच्या प्रती ठेवाव्यात.